मुख्याध्यापक होण्याआधी ते काम शिकायचं कुठे? आपल्याकडे इंटर्नशिपसारखं काही आहे का?

चोपड्याच्या_मॅडम

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बीएस्सी बीएड, सतरा वर्षं झाली नोकरीला. शाळा लहान आहे, आठ शिक्षक, एक क्लार्क, दोन शिपाई. आमचे मुख्याध्यापक सर पुढच्या मे अखेर रिटायर होतायत आणि ज्येष्ठता यादीत त्यांच्यानंतर माझं नाव आहे. परवा संस्थेचे अध्यक्ष स्टाफरूममध्ये आले आणि जाताजाता म्हणाले, मॅडम, तयारी ठेवा. बस एवढंच. आता तयारी ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं हे मला कोणीच सांगत नाही.

वर्गात मला काही अडचण नाही, दहावीचा विज्ञानाचा निकाल माझा चांगला लागतो, पण ऑफिसात काय चालतं ते सतरा वर्षांत मी कधी बघितलंच नाही, बघायची वेळच आली नाही. गेल्या वर्षी सरांच्या घरी लग्न होतं म्हणून आठ दिवस माझ्याकडे चार्ज होता. तिसऱ्या दिवशी एक बाप आला, मुलीच्या जात पडताळणीसाठी त्याला आजोबांच्या नोंदीचा जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा पाहिजे होता. क्लार्क भाऊ त्या दिवशी वेतन पथकात, म्हणजे पगाराची बिलं जातात त्या ऑफिसात, गेलेले. माणूस उन्हातून आलेला, म्हटलं आपणच करून देऊ, त्यात काय एवढं. जुनं रजिस्टर, शाई उडालेली, मी जन्मतारखेचा आकडा वाचला आणि उतरवला, सही शिक्का मारून दिला. आकड्यातला १ मी ९ वाचला होता. शेजारच्याच रकान्यात तीच तारीख अक्षरी लिहिलेली होती, ती मी बघितलीच नाही. तो माणूस पुन्हा आला तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते, त्याची फाईल त्रुटीत निघालेली. तो मला एक शब्द बोलला नाही, नुसता कागद टेबलावर ठेवला आणि उभा राहिला. ते मला अजून रात्री आठवतं.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत राहते, ती सांगत होती की तिकडे प्रिन्सिपल व्हायच्या आधी चालू प्रिन्सिपलच्या हाताखाली ठरावीक तास इंटर्नशिप करावी लागते, ते तास लिहून ठेवायचे, कोणीतरी तपासतं, मग सर्टिफिकेट मिळतं. आपल्याकडे बीएडला आता वीस आठवड्यांची इंटर्नशिप आहे, पण ती शिकवण्याची. शाळा चालवण्याची कुठे आहे? मी डीएसएम, म्हणजे शालेय व्यवस्थापनाची पदविका, करू का? एमएड करू? की आणखी काही? ऑगस्ट चालू आहे, माझ्या हातात नऊ महिने आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

तात्या_शिंदखेडा

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी १९९८ ला मुख्याध्यापक झालो आणि २०१४ ला रिटायर. मलाही कोणी शिकवलं नव्हतं, एका शनिवारी चाव्यांचा जुडगा हातात आला आणि सोमवारपासून मी साहेब.

आधी कायद्याचं बोलतो म्हणजे डोक्यातून तो विषय जाईल. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली, आपण नुसतं एमईपीएस म्हणतो ते. त्यातला नियम ३ काढून स्वतः वाचा. माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला पदवी, बीएड आणि पदवीनंतरचा पाच वर्षांचा पूर्णवेळ शिकवण्याचा अनुभव, त्यातली निदान दोन वर्षं बीएडच्या नंतरची. आणि जो पात्र आहे, ज्याचं रेकॉर्ड चांगलं आहे त्यातला सगळ्यात सिनियर घ्यायचा. म्हणजे कागदावर तुम्ही कधीच्याच पात्र आहात. त्या नियमात इंटर्नशिप नावाचा शब्द नाही. पाच वर्षं वर्गात उभं राहिलं की शाळा चालवता येते असं धरून चाललेत, आणि माझ्या मते आपल्याकडची खरी चूक ती आहे.

ज्येष्ठता यादी दरवर्षी फिरते, तुम्ही सही करता, त्याची झेरॉक्स तुमच्या घरी आहे का? नसेल तर उद्या घ्या. त्याच नियमावलीत ज्येष्ठता कशी लावायची ते अनुसूची फ मध्ये आहे, त्याप्रमाणे तुमचा प्रवर्ग आणि रुजू तारीख बरोबर लागलीय का बघा. तुमचे अध्यक्ष स्वतःहून बोलले म्हणजे माणूस सरळ आहे, पण डावललं गेलंच तर त्या १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांत अपील करावं लागतं आणि त्या वेळेला कागद शोधत बसायला वेळ नसतो.

आणखी एक, जे कोणी आधी सांगत नाही. सर ३१ मेला रिटायर झाले की १ जूनला तुम्ही खुर्चीत बसाल, पण तुमच्या सहीला किंमत नसेल. शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडून पदाला मान्यता यायला वेळ लागतो, तोपर्यंत सह्यांचे अधिकार वेगळे मागून घ्यावे लागतात. तो प्रस्ताव संस्थेनं वेळेत पाठवला नाही तर आख्ख्या स्टाफचा पगार अडकतो आणि दोष नव्या मुख्याध्यापकाला. मार्च-एप्रिलमध्येच अध्यक्षांना आठवण करा, ठराव, ज्येष्ठता यादी, तुमचे कागद, सगळी फाईल तयार ठेवा.

आता शिकायचं कसं ते. मोठ्या शाळेत पर्यवेक्षक असतो, उपमुख्याध्यापक असतो, ती आपल्याकडची खरी इंटर्नशिप. माणूस दोन-चार वर्षं तिथं रगडला जातो, वेळापत्रक लावतो, पालकांशी भांडणं मिटवतो आणि मग वर जातो. तुमची शाळा लहान, ते पद तुम्हाला मंजूर नाही. म्हणून ते तुम्ही स्वतः तयार करायचं. सरांना सरळ जाऊन सांगा की सर, शेवटच्या वर्षी मला तुमच्या शेजारी बसू द्या. रिटायर होणाऱ्या माणसाला असं कोणी विचारलं तर तो नाही म्हणत नाही, माझ्या शेवटच्या वर्षी मला कोणी विचारलं असतं तर मी रोज दोन तास दिले असते.

आणि सुरुवात आत्ताच करा कारण शाळेचं वर्ष गोल फिरतं, एक फेरी पूर्ण बघितली की घाबरायला होत नाही. सप्टेंबरात पट. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची किती पदं मंजूर ते ठरणं, होते आणि त्यात आधार वैध असलेलीच मुलं धरतात, म्हणजे एखाद्या पोराचं नाव आधारवर वेगळं आणि रजिस्टरला वेगळं असेल तर ते पोर वर्गात बसलेलं असूनही मोजणीत नाही. अशी चार-पाच पोरं निघाली तर एखादं शिक्षकाचं पद हलू शकतं. या महिन्यात क्लार्कबरोबर बसून एकेका वर्गाची यादी हाताने ताडून बघा. यू-डायस, म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारला ऑनलाइन भरायची ती, तेव्हाच समजून घ्या. दिवाळीच्या आगेमागे दहावीचे फॉर्म, नंतर नाशिक बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे परीक्षेच्या मुलांची तपासायची यादी, येते, ती प्री-लिस्ट तुम्ही मागून घ्या आणि नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय कोड, एकेक अक्षर रजिस्टरशी लावून बघा. बोर्डाच्या मार्कशीटवर चूक छापून आली की ती दुरुस्त करताना पालकाचे हाल कुत्रा खात नाही. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा केंद्र, कॉपी रोखायला बसणारं बैठे पथक, पेपर सुरक्षित सांभाळणं. मार्च अखेर हिशोब. मे-जूनला दाखले आणि प्रवेश. आणि यातून दर महिन्याला शालार्थवर, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर, वेतनबिल, त्यात डीडीओ वन म्हणजे पगार काढणारा पहिला अधिकारी मुख्याध्यापकच. कोणाची कपात किती, जीपीएफ कोणाला, एनपीएस कोणाला, आयकर कधी कापायचा, हे तुम्हाला कळलंच पाहिजे, कारण क्लार्क बिल बनवतो पण जबाबदारी सहीवाल्याची.

दोनशे पानी वही करा. काय बघितलं, कोणता कागद कुठल्या कपाटात, कुठल्या तारखेला काय जातं. ती वही पुढे तुमची शाळा चालवेल.

एक माझं सांगतो. आमचा एक शिपाई, बत्तीस वर्षं सर्व्हिस, रिटायर झाला आणि त्याची पेन्शन केस परत आली. सेवापुस्तकात दरवर्षी सेवा पडताळणीची नोंद करून मुख्याध्यापकाने सही करायची असते. एका वर्षाची नोंद होती, सही नव्हती. तो स्वतः सेवापुस्तक घेऊन माझ्या घरी आला, पान उघडलं आणि बोट ठेवून म्हणाला, "सर, आठे तुमनी सही नही शे." माझंच वर्ष होतं ते. क्लार्कने गठ्ठा ठेवला असेल, मी वरवर सह्या करत गेलो असेन, एक पान चिकटून राहिलं असेल. त्याला पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने गेले, त्यात त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं आणि पैसे त्याने व्याजाने काढले. म्हणून सांगतो, सेवापुस्तकं वर्षातून एकदा स्वतः पान पान उलटून बघा, आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर, घाईत आलेल्या गठ्ठ्यावर सही करायची नाही, समोर कोणीही असो.

तुमचा तो उतारा, तो माणूस, ते तुम्ही विसरला नाहीत हेच बरं आहे.

भुसावळची_लेक

मॅडम, मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, आता डॅलसजवळ राहते आणि इथल्या सरकारी शाळेत असिस्टंट प्रिन्सिपल आहे. तुमच्या मैत्रिणीने सांगितलं ते बरोबर आहे. फक्त एक, इथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, मी टेक्सासचं सांगते.

इथे प्रिन्सिपलचं सर्टिफिकेट पाहिजे तर मास्टर्स डिग्री लागते, शिक्षकाचं चालू सर्टिफिकेट आणि वर्गात शिकवल्याची किमान दोन वर्षं लागतात, मग मान्यताप्राप्त प्रोग्रॅमला ॲडमिशन घ्यायची आणि त्यात कमीत कमी १६० तासांचं प्रॅक्टिकम असतं. पगार नाही, आपली शिकवण्याची नोकरी सांभाळून करायचं. शाळेतला एक मेंटॉर असतो, माझ्या बाबतीत आमच्याच प्रिन्सिपल होत्या, आणि युनिव्हर्सिटीकडून एक फील्ड सुपरवायझर, तो तीन वेळा येऊन आपण काम करताना बघतो. मग दोन परीक्षा, एक लेखी, तिचा नंबर २६८, आणि दुसरी कामगिरीवर आधारित, पासल म्हणतात तिला. त्यात तीन टास्क असतात, आपल्याच शाळेतला एक खरा प्रश्न घेऊन काय केलं, शिक्षकांच्या शिकण्यासाठी काय केलं, आणि सगळ्यांना बरोबर घेऊन कसं काम केलं, हे पुराव्यानिशी लिहून द्यायचं, शेवटच्यात तर स्वतःचा मीटिंग घेतानाचा व्हिडिओ द्यावा लागतो. सर्टिफिकेट पाच वर्षांचं, रिन्यू करायला पाच वर्षांत २०० तासांचं ट्रेनिंग दाखवायचं. न्यू जर्सीत माझी एक मैत्रीण प्रिन्सिपलच्या सर्टिफिकेटसाठी करत होती, तिला इंटर्नशिपचे ३०० तास होते.

१६० तास ऐकायला कमी वाटतात पण ते नुसतं मागे उभं राहून बघायचे नसतात. सकाळी पावणेसातला गाड्यांच्या लाईनीत उभं राहून मुलं उतरवून घेणं, जेवणाच्या हॉलमध्ये ड्युटी, पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लावणं, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांबरोबरच्या मीटिंगला बसणं, बजेटचा कागद समजून घेणं. प्रत्येकाची लॉगमध्ये नोंद, तारीख, तास, काय केलं, मेंटॉरची सही.

मला सगळ्यात जास्त कशाने शिकवलं ते सांगते. एकदा दोन मुलांची मारामारी झाली, एकाच्या ओठातून रक्त आलं. प्रिन्सिपल मॅडमनी फोन माझ्याकडे सरकवला, तू कर. मी आईला फोन लावला आणि काय झालं, कोणी सुरू केलं, नियम काय आहे, सगळं क्रमाने सांगत सुटले. पलीकडून ती बाई नुसती, हो, हो, करतेय आणि तिचा आवाज कापतोय. फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या, तू तिला सांगितलंच नाहीस की तिचं पोरगं बरं आहे. पहिलं वाक्य तेच. तुमचं मूल सुरक्षित आहे, माझ्याजवळ बसलंय. त्याच्यानंतरच तिला बाकीचं ऐकू येईल. आज आठ वर्षं झाली, माझा एकही फोन त्या वाक्याशिवाय सुरू होत नाही. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. चुकले तेव्हा ती बाजूला बसलेली होती म्हणून शिकले, आणि तेव्हा त्या खुर्चीची जबाबदारी माझी नव्हती.

तर मॅडम, तुमच्याकडे तास कोणी मोजणार नाही, पण तुम्ही मोजा. रोज तासभर जरी बसलात तर मेपर्यंत १६० तास आरामात होतात, सुट्ट्या धरूनसुद्धा. तात्या म्हणतात त्या वहीत सरांची आठवड्याला एक सही घ्या. सही घ्यायची म्हटलं की मोठी माणसंसुद्धा वेळ देतात.

धडगावचा_गुरुजी

तुम्हाला नऊ महिने आहेत ताई, आम्हाला नऊ मिनिटं पण नव्हती. मी जिल्हा परिषदेचा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला पट १५० च्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचं पद आहे, आणि आमच्या सातपुड्यातल्या पाड्यावरच्या शाळेत तीस-चाळीस पोरं, दोन शिक्षक. मग जो सिनियर तो प्रभारी. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी प्रभारी झालो कारण माझ्या आधीचे गुरुजी बदलून गेले आणि आलेला मुलगा माझ्यापेक्षा नवा. चोविसाव्या वर्षी पोषण आहाराचा तांदूळ मोजतोय, बँकेत जातोय, चौथीला शिकवतोय. वर चढायची वाट म्हणाल तर केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाचा प्रमुख, १ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयानं निम्मी पदं बढतीनं आणि निम्मी विभागीय परीक्षेतून भरायचं ठरलं, पण ती जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची वाट आहे, तुमच्या कामाची नाही.

मी तुम्हाला एकच गोष्ट सांगतो जी ऑफिसात बसून कळणार नाही. मुख्याध्यापकाला गावाचं कॅलेंडर माहीत पाहिजे. आमच्याकडे दिवाळी झाली की बापं-आया ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरं पण जातात. मी पहिल्या वर्षी जानेवारीत हजेरी बघून घाबरलो, अर्धा वर्ग गायब, आणि मग धावपळ. दुसऱ्या वर्षी मी दसऱ्यालाच पाड्यावर फिरलो. कोण जाणार, कोणाबरोबर, कुठे, पोरगं आजीकडे राहील का. जे राहणार त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आधीच द्यावा लागतो, जाणार त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. त्या वर्षी अकरा पोरं थांबली. अकरा म्हणजे आमच्या शाळेत केवढं तुम्ही समजू शकता.

तुमच्या चोपड्याकडे कापूस वेचणीला पोरी घरी राहत असतील, केळीच्या कामाला आठवी-नववीची पोरं जात असतील. शिक्षिका म्हणून तुम्ही गैरहजर मांडता आणि पुढे जाता, मुख्याध्यापक म्हणून ते तुमचं काम होतं. आतापासून त्या पोरींच्या घरी एकदा जाऊन या.

शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग पण बघा कशी होते. कायद्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया पाहिजेत असं आहे, कागदावर असतातच, पण बोलतं कोण ते बघा. मी रविवारी सकाळी बाजाराच्या आधी मीटिंग लावतो आणि बाया आल्याशिवाय सुरू करत नाही. बोलू लागल्या की शाळेला खूप आधार होतो त्यांचा.

जळगाव_एमएड

कोर्सचं मी सांगतो, थोडक्यात. एमएड २०१५ पासून दोन वर्षांचं आहे, नोकरी सांभाळून होत नाही आणि तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, डीएसएम, ती घ्या, ती शिक्षकांसाठीच आहे, नोकरी चालू ठेवून होते. प्रकल्प असेल तेव्हा दुसऱ्याचा उतरवू नका, तुमच्या शाळेचा पट किंवा गळती हाच विषय घ्या, दोन्ही कामं होतील. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं वेगळं केंद्र आहे, त्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम बघा. आपल्या राज्याची मिपा ही संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथं मुख्याध्यापकांची प्रशिक्षणं होतात, आणि जवळचं म्हणजे डाएट, जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षणाची संस्था. डाएटला जाऊन नाव देऊन ठेवा, मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण लागलं आणि सरांना जायचं नसेल तर तुम्ही जा. पण तात्या सांगतात ते जास्त मोलाचं आहे, कोर्स त्याच्या जोडीला.

चोपड्याच्या_मॅडम

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, डोळे भरून आले वाचताना. ज्येष्ठता यादीची झेरॉक्स घेतली आज. तात्या, माझी रुजू तारीख बरोबर आहे पण बीएडचं वर्ष एक वर्षाने पुढचं लागलंय, ते दुरुस्तीला अर्ज देतेय.

दोन गोष्टी अजून विचारायच्यात. एक म्हणजे क्लार्क भाऊंना वाईट वाटेल का, की ही बाई आत्तापासून आमच्यावर नजर ठेवायला आली. आणि दुसरी, ज्यांच्याबरोबर सतरा वर्षं एका डब्यात जेवलो त्यांना उद्या मी, उशीर का झाला, असं कसं विचारू? एक सर तर माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत, नोकरीला नंतर लागले म्हणून यादीत खाली.

पारोळा_मुख्याध्यापिका

मॅडम, मी सहा वर्षांपासून त्या खुर्चीत आहे, म्हणून या दोन्हीचं मीच सांगते.

क्लार्क भाऊंना तपासायला आले असं वाटू द्यायचं नाही, आणि खोटं पण बोलायचं नाही. सरळ सांगायचं, भाऊ, मला यातलं काही येत नाही, तुम्ही मला शिकवा. मी तसंच सांगितलं होतं. आमच्या भाऊंनी दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळी खुर्ची आणून ठेवली. पंचवीस वर्षं त्या माणसाला कोणी विचारलंच नव्हतं की तुम्ही काय करता. कॅशबुक त्यांच्याकडून शिका, रोजची शिल्लक पासबुकाशी कशी लावायची ते. माहिती अधिकाराचा अर्ज आला तर तीस दिवस मोजायचे असतात आणि ते उत्तर मुख्याध्यापकालाच द्यायचं असतं, आवक नोंदवही त्यासाठी नीट पाहिजे, हे मला त्यांनीच शिकवलं.

डब्याचं म्हणाल तर मी डबा सोडला नाही. आजही सगळ्यांबरोबर जेवते. पण पहिल्याच मीटिंगला सांगितलं की मस्टर साडेदहाला माझ्या टेबलावर येईल, माझी सही सगळ्यात आधी असेल. आणि ती असते. तुमच्या त्या वयाने मोठ्या सरांना मे महिन्यातच घरी जाऊन भेटा, जूनमध्ये नाही. खुर्चीत बसायच्या आधी. त्यांना एखादं काम द्या जे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येतं आणि ते खरोखर त्यांच्यावर सोडा, मध्ये मध्ये बोट घालू नका. आमच्याकडे अशाच एका सरांनी आख्खं परीक्षा विभागाचं काम उचललं, मला आजपर्यंत त्यात बघावं लागलं नाही.

वर्गनिरीक्षणाची सवय पण आत्ताच करा. सरांबरोबर दोन-तीन तासांना मागे बसा. विज्ञानाच्या तासाला नको, तिथं तुम्ही शिक्षक म्हणून बघाल. इतिहासाच्या, मराठीच्या तासाला बसा, विषय आपला नसला की पोरं काय करतायत ते दिसतं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा लक्षात आलं की शेवटच्या बाकावरच्या तीन मुलींना आख्ख्या तासात एकही प्रश्न विचारला गेला नाही. माझ्या स्वतःच्या तासाला पण तसंच होत असणार, फक्त फळ्याकडून ते दिसत नाही.

आणि एक गंभीर गोष्ट, ही कोणी लिहिली नाही म्हणून मी लिहिते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा वाचून घ्या, कलम १९ आणि २१. मुलीबद्दल किंवा मुलाबद्दल असं काही कानावर आलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि शाळेतल्याच कोणाबद्दल असेल आणि प्रमुखाने दाबलं तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. गावाचं नाव, संस्थेचं नाव, मुलीचं लग्न, सगळे तुमच्यावर दबाव आणतील. त्या वेळेला विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून काय करायचं ते आधी ठरलेलं पाहिजे. मी माझ्या टेबलाच्या खणात हेल्पलाइनचा नंबर १०९८ आणि पोलीस स्टेशनचा नंबर लिहून चिकटवलाय. सुदैवाने अजून खण उघडायची वेळ आली नाही.

तात्या_शिंदखेडा

पारोळ्याच्या मॅडमनी फार मोलाचं लिहिलं. चोपड्याच्या मॅडम, बीएडच्या वर्षाच्या दुरुस्तीच्या अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

चोपड्याच्या_मॅडम

पोच घेतली तात्या.

आज मधल्या सुट्टीनंतर सरांकडे गेले. तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं, शेवटच्या वर्षी मला शेजारी बसू द्या म्हटलं. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी कपाट उघडलं आणि १९६४ पासूनची जनरल रजिस्टरं एकावर एक टेबलावर काढून ठेवली. म्हणाले, इथून सुरू करू, सगळ्यात जुनं आधी. क्लार्क भाऊंनी फडक्याने धूळ पुसली. आम्ही तिघांनी दीड तास बसून आठवीच्या चौतीस मुलांची नावं आधारशी ताडून बघितली, पाच जणांची जुळत नाहीत, त्यातल्या दोघींच्या आईचं नावच वेगळं लागलंय. उद्या शाळा सुटल्यावर त्या दोघींच्या घरी जातेय.

आणि तो उताऱ्याचा माणूस, त्याची मुलगी गेल्या जूनला नर्सिंगला लागली, पडताळणी झाली म्हणे शेवटी, क्लार्क भाऊंनी सांगितलं. मी त्याच्याही घरी जाऊन येणार आहे.

वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख टाकली, दीड तास लिहिलं, आणि सरांची सही घेतली.